झोळीतला उजवा हात : एलन आणि विल्यम क्राफ्ट यांचा संसार

२१ डिसेंबर १८४८. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील मेकन शहर. पहाटेच्या अंधारात एक अशक्त तरुण जमीनदार रेल्वे स्थानकावर येतो. डोक्यावर उंच टोपी, डोळ्यांवर हिरवा चष्मा, हनुवटीखालून बांधलेले पोटीस आणि उजवा हात गळ्यातल्या झोळीत. तो सव्हाना शहराची दोन तिकिटे घेतो, एक स्वतःचे आणि एक आपल्या गुलामाचे. तो पहिल्या दर्जाच्या डब्यात बसतो. गुलाम कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या डब्यात जातो.

हा जमीनदार म्हणजे २२ वर्षांची एलन क्राफ्ट होती आणि मागच्या डब्यातला गुलाम तिचा नवरा विल्यम. कायद्याच्या दृष्टीने दोघेही दुसऱ्यांची मालमत्ता होते.

या पलायनाची कथा अनेकदा सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा ती चार दिवसांतच संपते. पण त्यानंतर या दोघांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ संसार केला. बॉस्टन, इंग्लंडमधले एक खेडे, लंडन आणि पुन्हा जॉर्जिया, अशी चार ठिकाणी त्यांनी आपली चूल मांडली आणि प्रत्येक ठिकाणी परकेपणातून वाट काढली. तो भाग कमी सांगितला जातो. वास्तविक, पलायन कशासाठी होते याचे उत्तर त्याच भागात आहे.

एलनची आई मरिया गुलाम होती आणि वडील होते तिच्या आईचे मालक, मेजर जेम्स स्मिथ. मूल आईच्या दर्जाचे, हा तिथला कायदा. त्यामुळे बापाच्या घरात एलन गुलाम म्हणूनच वाढली. तिचा वर्ण इतका गोरा होता की येणारेजाणारे तिला घरचीच मुलगी समजत. स्मिथबाईंना हे सहन होईना. एलन ११ वर्षांची असताना स्मिथांच्या मुलीचे लग्न झाले, तेव्हा आहेरात एलनही देऊन टाकली गेली. थोडक्यात, ती आपल्याच सावत्र बहिणीची दासी म्हणून मेकनला आली. बहिणीचे यजमान डॉ. रॉबर्ट कॉलिन्स हे शहरातले प्रतिष्ठित गृहस्थ होते.

विल्यमची कहाणी हिशेबाच्या वहीतली आहे. त्याच्या मालकाने आधी त्याचे आईवडील वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकले. पुढे कापसाच्या सट्ट्यासाठी पैसे हवे होते, म्हणून विल्यम आणि त्याची धाकटी बहीण बँकेकडे गहाण पडली. कर्ज फिटले नाही आणि दोघांचा लिलाव झाला. बहिणीचा निरोप घेऊ द्या, ही विल्यमची विनवणी कोणी ऐकली नाही. तो लाकडी फर्निचर करणारा कुशल कारागीर होता. त्याची बहुतेक मजुरी मालकाकडे जाई, जादा वेळात मिळवलेले थोडेफार मात्र त्याच्याजवळ उरे. पलायनाचा सगळा खर्च त्याच पैशांतून झाला.

१८४६ मध्ये मालकांच्या परवानगीने दोघांनी लग्न केले. ‘लग्न’ म्हणायचे एवढेच, कारण गुलामांच्या विवाहाला कायद्यात स्थान नव्हते. मूल होऊ द्यायला एलन तयार नव्हती. आपल्या पोटचे मूल जन्मतःच कॉलिन्स कुटुंबाच्या मालकीचे होणार, हे तिला ठाऊक होते. लेकरू आईपासून तोडून विकणे म्हणजे काय, हे तिने जवळून पाहिले होते.

१८४८ च्या डिसेंबरात बेत ठरला आणि अवघ्या चार दिवसांत तयारी झाली. नाताळच्या निमित्ताने दोघांनी थोड्या दिवसांची रजा मागून घेतली. मालकांनी परवानगीच्या चिठ्ठ्या दिल्या. त्या चिठ्ठ्यांवर काय लिहिले आहे, हे मात्र दोघांनाही वाचता येत नव्हते. विल्यमने शहराच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या वेळी, एकेक कपडा विकत आणला. विजार एलनने स्वतः शिवली. सगळे सामान तिच्या खोलीतल्या कुलूपबंद खणांच्या कपाटात राहिले. ते कपाटही विल्यमनेच जादा वेळात बनवलेले होते.

वेशातल्या खुब्या बव्हंशी एलनला सुचल्या. हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येक सद्गृहस्थाला नोंदवहीत सही करावी लागते, हे तिच्या ध्यानात आले. सही येत नाही, तर सही करणारा हातच निकामी असला पाहिजे. म्हणून उजवा हात झोळीत गेला. दाढीमिशी नसलेला चेहरा झाकायला पोटीस आणि परपुरुषांच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून हिरवा चष्मा. निघण्याच्या रात्री विल्यमने तिचे केस कापले. ‘मिस्टर विल्यम जॉन्सन’ फिलाडेल्फियाला उपचारासाठी निघाले.

एलनने जमीनदाराऐवजी जमीनदारीण व्हायचे का टाळले, असा प्रश्न पडेल. कारण साधे आहे : त्या समाजात गोरी स्त्री पुरुष गुलामाला घेऊन एकटी प्रवास करीत नसे.

पहिलाच प्रसंग जिवावरचा होता. डब्यात एलनच्या शेजारी येऊन बसलेला वृद्ध गृहस्थ आदल्याच दिवशी कॉलिन्सांच्या घरी जेवायला आलेला होता, एलनला लहानपणापासून पाहिलेला. त्याने बोलायला सुरुवात केली, तेव्हा ती बहिरेपणाचे सोंग घेऊन खिडकीबाहेर पाहत राहिली. तिकडे विल्यमचा मुकादम सुतार संशयाने फलाटावर डबे तपासत होता. तो विल्यमच्या डब्यापर्यंत पोहोचण्याआधी गाडी सुटली.

सव्हानाहून बोटीने चार्ल्सटन. न्याहारीच्या मेजावर कप्तानाने या ‘तरुण जमीनदाराला’ सल्ला दिला, की असा चलाख गुलाम उत्तरेकडे नेऊ नये, तो हातचा जाईल. गुलामांच्या एका व्यापाऱ्याने तिथल्या तिथे विल्यमची किंमत विचारली. एलनने नकार दिला. नंतर ती विल्यमला ‘थँक यू’ म्हणाली, तर शेजारचा लष्करी अधिकारी तिला समजावू लागला, की गुलामाचे आभार मानल्याने गुलाम बिघडतात.

चार्ल्सटनच्या कस्टम हाउसमध्ये पुढची तिकिटे मिळत. तिथल्या अधिकाऱ्याने गुलामावरचा एक डॉलर कर मागितला आणि वहीत सही करायला सांगितले. एलनने झोळीतला हात दाखवून, आपण माझे नाव लिहावे, अशी विनंती केली. अधिकाऱ्याने दोन्ही हात खिशात घातले आणि साफ नकार दिला. भोवती माणसे जमली. तेवढ्यात बोटीवरचा तोच लष्करी अधिकारी तिथे आला. थोडी घेतलेली होती, त्यामुळे स्वारी मोकळ्या मनाची झालेली. या गृहस्थांना मी ओळखतो, असे त्याने बेधडक सांगून टाकले. मग बोटीच्या कप्तानाने स्वतःच नाव लिहून घेतले : मिस्टर जॉन्सन आणि गुलाम.

व्हर्जिनियातल्या रेल्वेत दोन तरुणींचा या आजारी पाहुण्यावर जीव जडला. त्यांच्या वडिलांनी संधिवातावरचा एक घरगुती उपाय कागदावर लिहून दिला. एलनने आभार मानून कागद तसाच खिशात घातला. वाचायचे नाटक करावे तर कागद उलटा धरला जाण्याची भीती होती!

शेवटची अडचण बाल्टिमोरला आली. हे गुलामीच्या हद्दीतले शेवटचे मोठे शहर. मालकी सिद्ध केल्याशिवाय कोणालाही गुलाम पुढे नेता येणार नाही, असे रेल्वेच्या अधिकाऱ्याने बजावले. कागद काहीच नव्हता आणि ओळखीचेही कोणी नव्हते. घंटा वाजली, गाडी सुटायची वेळ झाली. अधिकारी क्षणभर चुळबुळला आणि, माणूस आजारी आहे, जाऊ द्या, असे म्हणाला. २५ डिसेंबरच्या पहाटे दोघे फिलाडेल्फियात उतरले. सुमारे १,००० मैलांचा प्रवास झाला होता.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

शहराबाहेर बार्कली आयव्हिन्स नावाच्या क्वेकर शेतकऱ्याच्या घरी त्यांची सोय झाली. क्वेकर हा गुलामीला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ. यजमान गोरे आहेत हे पाहताच एलनचे अवसान गळाले. चार दिवस गोऱ्यांच्या पंगतीत गोरा बनून बसलेली ही बाई, तिला आता गोऱ्या माणसाच्या घरात पाऊल टाकवेना. हेही आपल्याला पकडून देतील, अशी तिची खात्री झाली होती. आयव्हिन्सबाईंनी तिला हाताला धरून आत नेले, चहा दिला, मायेने बोलत राहिल्या. हळूहळू भीती सरली. त्या घरात दोघे तीन आठवडे राहिले आणि तेवढ्यात यजमानांनी त्यांना अक्षरे शिकवली. निघताना दोघांनाही आपापले नाव लिहिता येत होते.

पुढचा मुक्काम बॉस्टन. बीकन हिल टेकडीच्या उत्तर उतारावर कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती, स्वतःची चर्चे, शाळा आणि पुढारी असलेली. लुईस आणि हॅरिएट हेडन या दांपत्याच्या घरी क्राफ्ट राहू लागले. लुईस स्वतः केंटकीतून निसटून आलेले. त्यांचे घर पळून आलेल्यांचा हक्काचा आसरा होते. नव्या गावात पाय रोवायला जे लागते, म्हणजे भाड्याची खोली, पहिले गिऱ्हाईक, वेळप्रसंगी शब्द टाकणारा शेजारी, ते सगळे त्यांना या वस्तीने दिले. स्वतंत्र राज्यातही गोरे कारागीर काळ्या सुतारासोबत काम करायला तयार नव्हते, तेव्हा विल्यमने जुन्या फर्निचरचे दुकान टाकले. एलन शिवणकाम करू लागली. सभांतून दोघे आपली हकीकत सांगत. श्रोत्यांना एलनला पाहायची फार उत्सुकता असे, आणि त्यात सहानुभूतीइतकेच कुतूहलही होते. इतकी गोरी स्त्री गुलाम कशी, हा धक्का पुष्कळांना प्रथमच बसत होता. काळ्या बाईच्या गुलामीने तो का बसला नव्हता, हा प्रश्न त्या सभांत फारसा विचारला गेला नसावा.

जेमतेम दोन वर्षे संसार लागला होता. सप्टेंबर १८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने फरारी गुलाम कायदा मंजूर केला. पळालेल्या गुलामाला कोणत्याही राज्यातून पकडून मालकाच्या हवाली करणे आता सरकारी यंत्रणेचे कर्तव्य झाले. ऑक्टोबरात मेकनहून ह्यूज आणि नाइट हे दोघे बॉस्टनला आले. नाइट पूर्वी विल्यमसोबत त्याच कारखान्यात काम केलेला. जुन्या ओळखीचा आव आणून तो दुकानात आला, जरा शहर दाखवायला चल म्हणाला. विल्यमने ते टाळले. मग नाइटने चिठ्ठी पाठवली : घरी पत्र द्यायचे असेल तर हॉटेलवर घेऊन ये, आणि बायकोला मला भेटायचे असेल तर तिलाही बरोबर आण. 

बॉस्टनने त्यानंतर जे केले ते वाचण्यासारखे आहे. हेडन यांनी घरात बंदुकीच्या दारूची पिंपे आणून ठेवली आणि पकडायला कोणी उंबरठा ओलांडला तर घर उडवून देऊ, असे जाहीर केले. ह्यूज आणि नाइट यांच्यावर अब्रुनुकसानीचे आणि इतर खटले भरून त्यांना पुन्हापुन्हा अटक करवली गेली. रस्त्यावर जमाव त्यांच्या पाठी लागे. धर्मोपदेशक थिओडोर पार्कर यांनी एलनला आपल्या घरी लपवले आणि मेजावर पिस्तूल ठेवून ते प्रवचन लिहीत बसले. शेवटी ते दोघे हात हलवत परतले. पण कॉलिन्सने राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांना पत्र लिहिले आणि कायद्याच्या अंमलासाठी लष्कर वापरायची तयारी सरकारने दाखवली. आता देश सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जाण्यापूर्वी एक काम राहिले होते. ७ नोव्हेंबर १८५० रोजी पार्कर यांनी दोघांचे कायदेशीर लग्न लावले. आहेर म्हणून विल्यमच्या हाती त्यांनी दोन वस्तू दिल्या : एक बायबल आणि एक सुरा.

बोटींवर पाळत होती, म्हणून मेन राज्यातून कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरापर्यंत आडवाटेने जावे लागले. वाटेत घोडागाडी उलटली. ऐन थंडीत, पावसात, चिखलातून सात मैल पायपीट झाली. ब्रिटिश भूमीवर गुलामी नव्हती, वर्णद्वेष मात्र होता. एलनला पाहून खोली देणाऱ्या खानावळवालीने विल्यमला पाहताच सूर बदलला. लिव्हरपूलला पोहोचेपर्यंत एलन मरणाच्या दारात होती. किनाऱ्यावर पाऊल ठेवले तेव्हाच आपण खऱ्या अर्थाने मुक्त झालो, असे विल्यमने पुढे लिहिले.

इंग्लंडमध्येही सुरुवातीला सभा झाल्या. जून १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, क्राफ्ट दांपत्य आणि त्यांचे मित्र गोऱ्या स्नेह्यांच्या हातात हात घालून अमेरिकन दालनातून मुद्दाम फिरले. तिथे हिरम पॉवर्स या अमेरिकन शिल्पकाराचा ‘ग्रीक गुलाम’ हा संगमरवरी पुतळा मांडलेला होता. शुभ्र दगडातली गुलाम स्त्री प्रेक्षक डोळे भरून पाहत होते, आणि शेजारून हाडामांसाची एलन चालत होती.

पण किती दिवस व्यासपीठावर उभे राहायचे? त्यांना हवी होती शाळा. लेडी बायरन आणि त्यांच्या स्नेह्यांच्या मदतीने सरे परगण्यातल्या ऑकम या खेड्यात त्यांची सोय लागली. तिथली शाळा पुस्तकी शिक्षणाबरोबर हातचे काम शिकवणारी होती. पंचविशी ओलांडलेले हे नवराबायको खेड्यातल्या पोरांबरोबर बाकावर बसून वाचन, लेखन, गणित शिकले. त्या बदल्यात विल्यम मुलांना सुतारकाम आणि एलन मुलींना शिवण शिकवी. असा तीन वर्षांचा दिनक्रम. त्यात सांगण्याजोगी सनसनाटी काहीच घडले नाही. या दोघांच्या आयुष्यातली ही सर्वांत निवांत वर्षे असावीत.

ऑक्टोबर १८५२ मध्ये त्यांना मुलगा झाला. इतकी वर्षे पाळलेला निश्चय आता पाळायची गरज नव्हती. हे मूल कोणाच्या वहीत मालमत्ता म्हणून नोंदले जाणार नव्हते. त्याच सुमारास अमेरिकन वृत्तपत्रांत अफवा उठली, की एलन स्वातंत्र्याला कंटाळली असून परत मालकाकडे जायला तयार आहे. एलनने छापील उत्तर दिले. त्याचा आशय असा : जगातल्या सर्वांत भल्या मालकाची गुलाम होण्यापेक्षा इंग्लंडमध्ये स्वतंत्र म्हणून उपाशी राहणे मला मान्य आहे. चार वर्षांपूर्वी जिला सही टाळण्यासाठी हात बांधून घ्यावा लागला होता, तिचे हे उत्तर.

पुढे ते लंडनच्या हॅमरस्मिथ भागात स्थायिक झाले. एकूण पाच मुले झाली. १८६० मध्ये ‘रनिंग अ थाउजंड माइल्स फॉर फ्रीडम’ हे त्यांचे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. निवेदन विल्यमच्या तोंडी आहे, तरी एलनचे धाडस आणि तिच्या युक्त्या त्यात पानोपानी दिसतात. पुस्तकात पुरुषवेशातल्या एलनचे चित्र आहे. त्यात चेहऱ्यावरचे पोटीस काढून टाकलेले आहे, कारण पोटिसासकट तिचा चेहरा ओळखू आला नसता.

विल्यमच्या धंद्यांना बेताचेच यश आले. १८६२ पासून तो पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्यात येजा करू लागला. तिथल्या राजाने गुलामांचा व्यापार सोडून कापसाच्या व्यापाराकडे वळावे, अशी ती मोहीम होती. त्याने तिथे शाळाही काढली. मोठे काम खरे, पण तो वर्षानुवर्षे बाहेर असताना लंडनचे घर आणि मुले एलन एकटीने सांभाळत होती. त्या कष्टांवर कोणी पुस्तक लिहिले नाही.

१८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले. एलनने ओळखीपाळखी लावून जॉर्जियात आईचा शोध घेतला. मरिया जिवंत होती. एलनने तिच्या प्रवासाची व्यवस्था केली आणि सतरा वर्षांनी मायलेकींची भेट लंडनला झाली. 

आता सुखाने लंडनला राहता आले असते. १८६९ मध्ये मात्र दोघे अमेरिकेला परतले, आणि पुढे दक्षिणेत गेले. हा निर्णय शहाणपणाचा होता का, यावर वाद होऊ शकतो. मुक्त झालेल्या लाखो लोकांकडे जमीन नव्हती, अक्षरओळख नव्हती. ऑकमला आपल्याला जे मिळाले ते या लोकांना द्यावे, असा त्यांचा विचार होता. साउथ कॅरोलायनात त्यांनी पहिली शेती केली. १८७० मध्ये रात्रीच्या अंधारात आलेल्या गोऱ्या हल्लेखोरांनी घर आणि पीक जाळून टाकले. त्यांनी मग सव्हानाजवळ ब्रायन परगण्यात वुडव्हिल नावाचा सुमारे १,८०० एकरांचा पडीक मळा घेतला आणि १८७३ मध्ये तिथे सहकारी शेतीशाळा सुरू केली. मुले शाळेत शिकत, मोठी माणसे शेत कसत.

याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केले होते. त्या मुक्तीनंतर काय वाढून ठेवले होते, हे वुडव्हिलमध्ये रोज दिसत होते. शेजारच्या गोऱ्या मळेवाल्यांचा विरोध होता, कापसाचे भाव पडत होते. शाळेसाठी उत्तरेत वर्गणी गोळा करणाऱ्या विल्यमवर, तो पैसे स्वतःच खातो, असा आरोप छापला गेला. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८७८ मध्ये तो हरला. मदत आटली, शाळा बंद पडली. मळा कर्जात बुडत गेला.

१८९० च्या सुमारास दोघे चार्ल्सटनला मुलीकडे राहायला गेले. मुलीचे नावही एलन. १८९१ मध्ये थोरली एलन वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिचे दफन वुडव्हिलला, तिच्या आवडत्या झाडाखाली झाले. विल्यम जानेवारी १९०० मध्ये चार्ल्सटनला वारला.

त्यांचे जावई डॉ. विल्यम क्रम चार्ल्सटनमधले नामांकित डॉक्टर होते. विल्यमच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांची चार्ल्सटन बंदराचे कस्टम कलेक्टर म्हणून निवड केली. कृष्णवर्णीय माणूस त्या खुर्चीत नको म्हणून सेनेटने मंजुरी बराच काळ रोखून धरली, आणि १९०५ मध्ये अखेर दिली. १८४८ मध्ये ज्या बंदराच्या कस्टम हाउसमध्ये एलनचे नाव लिहायला अधिकाऱ्याने नकार दिला होता, तिथल्या कागदांवर आता तिच्या जावयाची सही होऊ लागली.